पहिला पेपर कुठे पाठवायचा? आधी जर्नलचा मालक शोधा

"सर, हे जर्नल स्कोपसमध्ये आहे का?" पेपर लिहून झालेला विद्यार्थी दारात आला की पहिला प्रश्न हाच असतो. (स्कोपस म्हणजे जर्नलांची जगभर मानली जाणारी एक मोठी यादी.) मग किती दिवसांत छापून येईल, आणि फी किती. या प्रश्नांची उत्तरं मी देतोच, पण त्याआधी त्याला दोन गोष्टी शोधून आणायला सांगतो. या जर्नलच्या संपादकाला पदावरून कोण काढू शकतं? आणि छापून आलेला तुझा पेपर गडचिरोलीतल्या एखाद्या शिक्षिकेला पैसे न मोजता वाचता येईल का?

पहिला प्रश्न संपादकाच्या स्वातंत्र्याचा आहे, दुसरा ओपन अ‍ॅक्सेसचा. नवखे लोक या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजतात. ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे चांगलं, एवढंच कुठेतरी ऐकलेलं असतं. पण सगळ्यांना वाचायला मोकळं आणि आतून विकलेलं असं जर्नल असू शकतं. संपादक ताठ कण्याचा आणि लेख मात्र कुलुपात, असंही असू शकतं. तुम्हाला दोन्ही बाजू तपासायच्या आहेत. मी ज्या क्रमाने तपासतो, त्याच क्रमाने सांगतो.

आधी शब्दांचा अर्थ पक्का करा

ओपन अ‍ॅक्सेसची सर्वमान्य व्याख्या २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यातून आली. लेख इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य वाचता यावा, उतरवून घेता यावा, त्याच्या प्रती काढून वाटता याव्यात, त्यावर पुढचं काम करता यावं. लेखकाचं श्रेय मात्र त्याला मिळावं. म्हणजे पीडीएफ फुकट उघडली एवढ्याने भागत नाही. लेखाखाली कोणता परवाना लिहिलाय ते बघा. 'सीसी बाय' हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना असेल तर श्रेय देऊन कुणीही तो लेख वापरू शकतो, त्याचा मराठी अनुवादही करू शकतो. काहीच लिहिलेलं नसेल तर उद्या ते पान बंद झालं तरी तुम्हाला तक्रार करायला जागा नाही.

संपादकाचं स्वातंत्र्य म्हणजे काय? मालक कुणीही असो, संस्था, विद्यापीठ, कंपनी. खर्च किती करायचा, कागदावर छापायचं की नाही, हे तो ठरवतो. कोणता लेख घ्यायचा आणि कोणता नाकारायचा, हे फक्त संपादक ठरवतो. कागदावर सगळेच हे मान्य करतात, अडचण लेख झोंबला की येते. जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या 'जामा' या जर्नलचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना काढलं. सतरा वर्षं ते त्या पदावर होते. निमित्त होतं एका छोट्या लेखाचं: 'सेक्स' या शब्दात काय काय येतं असं कॉलेजच्या मुलांना वाटतं, याची ती पाहणी होती. त्याच वेळी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्यावर, लैंगिक संबंधांबाबत खोटं बोलल्यावरून, महाभियोगाचा खटला चालू होता आणि संपादकांनी जर्नलला राजकारणात ओढलं, असं संस्थेचं म्हणणं पडलं. फेब्रुवारी २००६ मध्ये कॅनडातल्या मेडिकल असोसिएशनने आपल्या जर्नलचे संपादक जॉन होई आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅन मरी टॉडकिल यांना काढलं. त्याआधी काही महिने, आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी मागणाऱ्या बायकांना औषधाच्या दुकानात कोणते खासगी प्रश्न विचारले जातात, यावरच्या मजकुरावरून मालकांशी त्यांचा वाद झाला होता. संपादक मंडळातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले, आणि त्यातल्या काहींनी २००७ मध्ये 'ओपन मेडिसिन' नावाचं मोफत जर्नल काढलं.

या दोन्ही ठिकाणी मालक डॉक्टरांच्याच संस्था होत्या. संस्थेचं जर्नल म्हणजे सुरक्षित, कंपनीचं म्हणजे धोक्याचं, असा सरळ हिशेब म्हणूनच मांडू नका.

पायरी १: मालक शोधा

जर्नलच्या पानावर अगदी तळाशी कॉपीराइटची ओळ असते. 'आमच्याविषयी'मध्ये प्रकाशकाचं नाव असतं. ही दोन नावं वेगळी असतील तर खूण करून ठेवा. संस्था मालक आणि कंपनी फक्त छापणारी, की कंपनीच मालक आणि संस्थेचं नाव शोभेला? हे महत्त्वाचं का, ते एका गोष्टीवरून कळेल. ती मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगतो.

'लिंग्वा' हे भाषाविज्ञानातलं जुनं जर्नल, १९४९ पासूनचं. प्रकाशक एल्झेव्हिअर. लेख पाठवणारे, ते तपासणारे, निवडणारे सगळे विद्यापीठांतले लोक. त्यांचे पगार विद्यापीठं देत होती आणि तेच लेख विद्यापीठांची ग्रंथालयं वर्गणी भरून परत विकत घेत होती. एखाद्या लेखकाला आपला लेख मोकळा करायचा असेल तर सुमारे १,८०० डॉलर भरावे लागत. २०१५ मध्ये योहान रूरिक यांच्यासह संपादकांनी मागणी केली: जर्नल पूर्ण ओपन अ‍ॅक्सेस करा, शुल्क ४०० युरो ठेवा, आणि जर्नलचं नाव आमच्या मालकीचं करा. कंपनीने नकार दिला. सहा संपादक आणि संपादक मंडळातले एकतीस जण सगळेच्या सगळे बाहेर पडले. त्यांनी 'ग्लॉसा' नावाचं नवं जर्नल काढलं, आणि पैशाअभावी कुणाचा लेख अडणार नाही अशी सोय केली.

आता यातलं दुखरं टोक बघा. 'लिंग्वा' हे नाव, त्याची पंच्याहत्तरीकडे झुकलेली पुण्याई, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांचा संदर्भ सरासरी किती वेळा दिला जातो, तो आकडा), हे सगळं कंपनीकडेच राहिलं. कंपनीने नवे संपादक नेमले आणि जर्नल चालू ठेवलं. ज्यांनी ते वाढवलं त्यांना शून्यातून सुरुवात करावी लागली. नवख्या संशोधकाच्या दृष्टीने अर्थ असा, की तुमच्या विषयातल्या माणसांचा विश्वास एका जर्नलवर आणि यादीतलं वजन दुसऱ्याच्या नावावर, असं होऊ शकतं. म्हणून नाव ऐकून जाऊ नका, आज संपादक कोण आहेत ते बघा. पाच वर्षांपूर्वीचं मंडळ आणि आजचं मंडळ यांत एकही नाव सामाईक नसेल, तर मध्ये काय घडलं ते शोधा.

असं एकदाच घडलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये एल्झेव्हिअरच्याच 'न्यूरोइमेज'च्या चाळीसहून जास्त संपादकांनी राजीनामे दिले. लेखकाने भरायचं शुल्क ३,४५० डॉलर होतं, ते २,००० च्या खाली आणा ही त्यांची मागणी होती. हे ३,४५० डॉलर म्हणजे आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं कित्येक महिन्यांचं मानधन. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या 'जर्नल ऑफ ह्यूमन इव्होल्यूशन'च्या मंडळातले एक वगळता सगळे संपादक बाहेर पडले. तिथे पैशाइतकीच दुसरीही तक्रार होती: संपादकांना न सांगता मजकुराच्या मांडणीत एआय वापरलं गेलं आणि त्यातून चुका शिरल्या, भाषा तपासणाऱ्यांची मदत काढून घेतली, आणि सहसंपादक किती असावेत हेही कंपनीच ठरवू लागली. संपादकाचा अधिकार असा तुकड्या-तुकड्यांनी जातो.

मुंबईचंही एक उदाहरण आहे, आणि ते अभिमानाचं आहे. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या स्टाफ सोसायटीचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतं. मुंबईतच १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेडनो या प्रकाशनाने अशा भारतीय वैद्यकीय जर्नलांना इंटरनेटवर आणलं. पद्धत साधी होती: छापील अंकाची वर्गणी चालू ठेवायची, इंटरनेटवर सगळ्यांना मोफत वाचू द्यायचं आणि लेखकाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मोफत दिलं की वर्गणीदार पळतील, ही भीती तेव्हा सगळीकडे होती. या लोकांनी करून दाखवलं. २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या कंपनीने मेडनो विकत घेतलं. म्हणून जुनी कीर्ती ऐकून लेख पाठवत असाल, तरी शुल्काचं आजचं पान वाचूनच पाठवा. मालक बदलतात, नियमही बदलतात.

पायरी २: पैसे कुठून येतात ते बघा

यासाठी रंगांची नावं पडली आहेत आणि ती लक्षात ठेवायला सोपी आहेत. गोल्ड: लेख लगेच मोकळा, बहुतेकदा लेखक एपीसी म्हणजे प्रकाशन शुल्क भरतो. हायब्रिड: जर्नल वर्गणीचंच, पण पैसे भरले तर तुमचा एक लेख मोकळा. ग्रीन: लेख वर्गणीच्या जर्नलमध्ये, पण तुमची स्वतःची प्रत तुम्ही विद्यापीठाच्या किंवा विषयाच्या ऑनलाइन संग्रहात (रिपॉझिटरीत) ठेवता. डायमंड: वाचकही भरत नाही, लेखकही भरत नाही, खर्च संस्था, विद्यापीठ किंवा सरकार उचलतं. लॅटिन अमेरिकेत डायमंडची परंपरा मोठी आहे. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या सायएलो या जाळ्यामुळे तिथली शेकडो जर्नल मोकळी झाली.

माझं मत स्पष्ट सांगतो: तुमच्या विषयात चांगलं डायमंड जर्नल असेल तर आधी तिथे पाठवा. हायब्रिडसाठी स्वतःच्या खिशातून पैसे कधीही भरू नका.

एपीसीचा संपादकाच्या स्वातंत्र्याशी थेट संबंध आहे. वर्गणीच्या काळात जास्त लेख छापले म्हणून प्रकाशकाला जास्त पैसे मिळत नव्हते. एपीसीत प्रत्येक स्वीकारलेला लेख म्हणजे जमा, प्रत्येक नाकारलेला लेख म्हणजे नुसता खर्च. मग संपादकावर 'थोडे जास्त घ्या' असा दबाव येतो. २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल फिलॉसॉफी'चे संस्थापक संपादक रॉबर्ट गुडिन यांना वायली या प्रकाशन कंपनीने दूर केलं तेव्हा जगभरच्या तत्त्वज्ञांनी जो निषेध केला, त्यामागे हीच काळजी होती. मंडळ बाहेर पडलं आणि पुढे त्यांनी वाचक-लेखक दोघांनाही मोफत असं नवं जर्नल काढलं.

हाच दबाव टोकाला गेला की काय होतं, ते हिंदावी या प्रकाशनात दिसलं. वायलीने ते २०२१ मध्ये विकत घेतलं. तिथे विशेषांकांचा सपाटा होता. विशेषांकाचा पाहुणा संपादक बाहेरचा असतो. मुख्य संपादकाची नजर तिथे पोचत नाही. खोटे पेपर तयार करून विकणाऱ्या टोळ्यांनी नेमकी तीच फट हेरली. २०२३ या एका वर्षात ८,००० हून जास्त लेख मागे घ्यावे लागले आणि शेवटी कंपनीने हिंदावी हे नावच बंद केलं. त्या ढिगात प्रामाणिक संशोधकांचेही लेख होते, आणि त्यांच्या बायोडेटावर तो शिक्का राहिला. म्हणून एखाद्या जर्नलमध्ये नेहमीच्या अंकांपेक्षा विशेषांकच जास्त दिसले, तर थांबा.

पायरी ३: संकेतस्थळावर अर्धा तास बसा

आयएसएसएन आहे म्हणून जर्नल खरं, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज. आयएसएसएन हा गाडीच्या नंबरसारखा ओळखक्रमांक आहे. नंबर आहे म्हणून ड्रायव्हरला गाडी येते असं होत नाही.

याद्यांवरही डोळे मिटून विसंबू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांपैकी १,००९ जर्नल पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असू शकतात. कुठे पत्ताच नाही, कुठे संपादकांची नावं नाहीत, कुठे खोटा आयएसएसएन, कुठे खोटा इम्पॅक्ट फॅक्टर. त्यानंतर यूजीसीने ४,३०५ नावं काढली आणि पुढे याच विद्यापीठाच्या मदतीने पारखून घेतलेल्या जर्नलांची केअर यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली आणि पारख करायचं काम विद्यापीठांवर, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्यावर आलं. पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट २०२२ च्या नियमांत काढून टाकली आहे. तुमच्या विद्यापीठाने ती ठेवली आहे का, हे मात्र विभागात विचारून घ्या. घाईत फसणारे बहुतेक जण या अटीच्या धाकाने फसतात.

अर्ध्या तासात काय बघायचं? संपादक मंडळातली दोन-तीन नावं निवडा, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जा आणि तिथे या जर्नलचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर त्यांनाच दोन ओळींची मेल टाका. लोक उत्तर देतात. माझंच नाव एका जर्नलच्या सल्लागार मंडळावर होतं आणि ते मला दुसऱ्या शहरातल्या एका विद्यार्थिनीच्या अशाच मेलमुळे कळलं. मला कुणी विचारलं नव्हतं. नाव काढायला चार पत्रं लिहावी लागली, आणि तोवर किती जणांनी ते नाव वाचून विश्वास ठेवला असेल, या विचाराने आजही अस्वस्थ होतो.

मग चार-पाच लेख उघडा. लेख मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख बघा. मधे आठ-दहा दिवस असतील तर तिथे कुणी लेख वाचलेला नाही. संपादकांचे स्वतःचेच लेख अंकाअंकात आहेत का, तेही बघा. जर्नल स्वतःला ओपन अ‍ॅक्सेस म्हणवत असेल तर डीओएजे या निर्देशिकेत शोधा. २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झालेली ही यादी निकष लावून जर्नल घेते आणि काढतेही. प्रकाशन-नीतीसाठीच्या 'कोप' या संघटनेचं सदस्यत्व सांगितलं असेल तर ते कोपच्या पानावर जाऊन पडताळा, जर्नलच्या पानावरचं चिन्ह पाहून नव्हे. चिन्ह कुणीही चिकटवतं.

पायरी ४: सही करण्याआधी फॉर्म वाचा

लेख स्वीकारला की आनंदात आपण जो फॉर्म येईल त्यावर सही करतो. तिथेच मालकी जाते. 'कॉपीराइट ट्रान्सफर' म्हणजे लेख त्यांचा झाला. पुढे तुमच्याच पुस्तकात तो घ्यायला तुम्हाला परवानगी मागावी लागू शकते. 'लायसन्स टू पब्लिश' म्हणजे मालकी तुमच्याकडे, छापायचा हक्क त्यांना. दुसरा पर्याय असेल तर तो घ्या. दिलेला नसेल तर मागून बघा.

एपीसीला पैसे नसतील, आणि आपल्यापैकी बहुतेकांकडे नसतातच, तर ग्रीनचा रस्ता धरा. लेखाच्या तीन प्रती असतात: तुम्ही पहिल्यांदा पाठवलेली, परीक्षकांच्या सूचनांनंतर स्वीकारलेली, आणि प्रकाशकाने मांडणी करून छापलेली. छापलेली पीडीएफ बहुतेक प्रकाशक बाहेर ठेवू देत नाहीत. पण मधली, स्वीकारलेली वर्डमधली प्रत संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात ठेवायला पुष्कळ जण परवानगी देतात, कधी लगेच, कधी ठरावीक महिन्यांनी. कोणाचा काय नियम आहे हे शेर्पा रोमिओवर कळायचं. आता त्या सेवेचं नाव ओपन पॉलिसी फाइंडर आहे. म्हणून ती मधली प्रत जपून ठेवा. लोक नेमकी तीच हरवतात.

सरकारी संस्थेत असाल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे २०२५ पासून सुमारे १३,००० जर्नल तुम्हाला उघडता येतात. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ही योजना आहे, आणि तिने खरोखर मोठी सोय झाली आहे. पण वाचायची सोय झाली म्हणून तुमचा लेख मोकळा झाला, असं समजू नका. विनाअनुदानित कॉलेजातला शिक्षक, निवृत्त झालेला अभ्यासक, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारी डॉक्टर, ही माणसं अजून दाराबाहेरच आहेत. त्यांच्यापर्यंत तुमचं काम पोचायला ती स्वीकारलेली प्रतच उपयोगी पडते.

पायरी ५: पाठवल्यानंतर

एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. परीक्षणाचे शेरे आले की ते लेखाला धरून आहेत का बघा. 'खूप छान, स्वीकारला' एवढंच आलं तर लेखी कळवून तिथून लेख काढून घ्या. पैसे भरलेले नसताना काढणं सोपं असतं. आमच्या जर्नलमधल्या अमुक चार लेखांचे संदर्भ घाला, असा आग्रह संपादकाकडूनच आला आणि ते लेख तुमच्या विषयाशी जुळत नसतील, तर नम्रपणे नाही म्हणा. नवखेपणी हे अवघड जातं, म्हणून अशी मेल गाइडला दाखवून मगच उत्तर द्या.

पायरी ६: उद्या तुम्हालाच संपादक केलं तर

हे दिवस लवकर येतात. विभागाचं वार्षिक काढायचं ठरतं आणि नवीन माणसाच्या गळ्यात काम पडतं. सॉफ्टवेअरची चिंता करू नका. ओपन जर्नल सिस्टिम्स हे मोफत मिळतं आणि जगभरची हजारो जर्नल त्यावर चालतात. चिंता करायची ती लेखी करारनाम्याची.

मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त जुलै २०१७ मध्ये काय झालं ते बघा. एका लेखाबद्दल उद्योगसमूहाच्या वकिलांची नोटीस आली. संपादकांनी वकिलामार्फत उत्तर पाठवलं. आपल्याला न विचारता ते पाठवलं, अशी नाराजी प्रकाशक ट्रस्टने व्यक्त केली. बैठकीत लेख संकेतस्थळावरून काढून टाकायचं ठरलं, आणि संपादकांनी राजीनामा दिला. बाजू कोणाची बरोबर यावर तेव्हा भरपूर लिहिलं गेलं. मला त्यातून शिकायची वाटते ती एवढीच गोष्ट: नोटीस आल्यावर उत्तर कोण देणार आणि छापलेला लेख काढून टाकायचा अधिकार कुणाचा, हे आधीच कागदावर असायला हवं.

तेव्हा पहिल्या अंकाआधी एका पानावर पाच गोष्टी लिहून संस्थेची सही घ्या. जर्नलचं नाव कुणाच्या मालकीचं. संपादकाची मुदत किती, आणि त्याला कोणत्या कारणासाठी, कुणाच्या संमतीने काढता येईल. कोणता लेख घ्यायचा यात अध्यक्ष, प्राचार्य किंवा देणगीदार बोलणार नाहीत. संपादकाचा स्वतःचा लेख आला तर निर्णय दुसरं कोण घेईल. कायदेशीर नोटीस आली तर कोण काय करेल. सही मिळायला वेळ लागला तर अंक महिनाभर पुढे ढकला, आणि सही झालेलं ते पान जर्नलच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल असं लावा.